तापीच्या दोन काठांवरची घरे : सुरत-रांदेरमधील वस्तीबदलाचा इतिहास

शहराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा राज्यकर्त्यांपासून सुरुवात करतो आणि व्यापाऱ्यांपाशी येऊन थांबतो. एखादी हवेली कुणी बांधली हे सांगितले जाते. तिच्या तळमजल्यावर भाड्याने कोण राहत होते आणि ते बिऱ्हाड तेथून केव्हा व का उठले, हे मात्र कुणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात सुरत आणि तापीपलीकडचे रांदेर यांच्या संदर्भात हा दुसरा प्रश्न विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

१९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने लंडनमधील कामगारांच्या जुन्या वस्त्यांत मध्यमवर्ग शिरू लागल्याचे पाहून ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द योजला. मोडकळीला आलेल्या घरांत पैसेवाली कुटुंबे येतात, घरांची डागडुजी होते, भाव चढतात, जुने भाडेकरू एकेक करून बाहेर पडतात आणि शेवटी वस्तीचे सामाजिक रूपच पालटते, असा त्या शब्दाचा आशय आहे. मराठीत काही अभ्यासक त्यासाठी ‘अभिजनीकरण’ असा प्रतिशब्द वापरतात. शब्द जड आहे. शिवाय अभिजन आले एवढेच त्यातून कळते, बाकीचे जन कुठे गेले ते कळत नाही. सुरतेत लोक ‘एरिया सुधरी गयो’ एवढेच म्हणतात. सुधारला, पण कुणासाठी, हा प्रश्न तेथेही अध्याहृतच राहतो.

या विषयावरील बहुतेक लेखन महानगरांविषयी आहे. लंडन, न्यूयॉर्क, आणि आपल्याकडे मुंबईतील गिरणगाव. प्रांतीय शहरांत हा बदल याच रीतीने होतो असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. २०११ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या ४४ लाखांवर गेलेली असली, तरी १९६१ मध्ये ती ३ लाखांच्या आत होती. राजधानीचे शहर ते कधीच नव्हते. दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत ते आपल्याकडच्या नाशिक-सोलापूरच्या मापाचे गाव होते, आणि तेथील जुन्या मोहल्ल्यांची स्मृती आजही त्याच मापाची आहे.

परकोटाच्या आत

जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे मराठी वाचकांस शाळेपासून ठाऊक असते. त्या स्वाऱ्यांनंतर शहराभोवती विटांची भक्कम भिंत उभी राहिली आणि पुढे अठराव्या शतकाच्या प्रारंभी तिच्याबाहेर दुसरी, हे त्या मानाने कमी ठाऊक असते. आतली भिंत ‘शहरपनाह’ आणि बाहेरची ‘आलमपनाह’. एक शहराला आश्रय देणारी, दुसरी जगाला. बंदराच्या या गावाला जग म्हणजे काय हे नेमके माहीत होते. मक्केला जाणारे यात्रेकरू येथून जहाजात बसत, म्हणून सुरतेला ‘बाब-उल-मक्का’ म्हणत. त्या यात्रेकरूंसाठी शाहजहानच्या कारकिर्दीत, १६४४ मध्ये, हकीकत खान याने जी सराई बांधली, ती मुघलसराई. १८६७ पासून तेथे नगरपालिकेचे कार्यालय आहे. या इमारतीच्या वक्फ असण्यावरून अलीकडे वाद झाला. २०२१ मध्ये राज्य वक्फ मंडळाने एक निर्णय दिला आणि २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो रद्द केला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु वाटसरूंना फुकट निवारा देण्यासाठी बांधलेल्या वास्तूतून पुढे घरपट्टीची बिले निघू लागली, ही गोष्ट वस्तीच्या इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या प्रारंभी या परकोटात जे धनिक राहत, त्यांत मुल्ला अब्दुल गफूर हे नाव सर्वांत मोठे. स्वतःच्या जहाजांचा ताफा बाळगणारा हा बोहरा व्यापारी १७१८ मध्ये वारला. अशीन दास गुप्ता यांनी सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या ऱ्हासावर जे संशोधन १९७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यात या घराण्याची आणि त्याच्या प्रतिस्पर्धी चलेबी घराण्याची कथा विस्ताराने आली आहे. सौदागरवाड हे मोहल्ल्याचे नाव आजही आहे, सौदागर नाहीत. मुघल सत्ता खिळखिळी झाली, तांबड्या समुद्राचा व्यापार आटला, १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १८०० मध्ये सारा कारभार घेतला, आणि पैसा व माणसे मुंबईकडे निघून गेली. १८३७ च्या एप्रिलमधील आगीत हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी पूरही आला. मुंबईच्या मोहल्ल्यांत जी सुरती घराणी दिसतात, त्यांतील कित्येकांचे मूळ या घसरणीत आहे.

उर्दूच्या अध्यापकाला येथे दोन नावे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वली याने सुरतेच्या वर्णनपर एक मसनवी लिहिली, ती शहर ऐन भरात असतानाची आहे. दुसरे नाव मियाँ दाद खान सय्याह यांचे. हे औरंगाबादचे, गालिबचे शिष्य. सुरतेच्या नवाब मीर गुलाम बाबा खान यांच्या आश्रयाने ते तेथे राहिले, आणि गालिबच्या पत्रसंग्रहांत या दोघांच्याही नावे लिहिलेली पत्रे आहेत. वलीच्या काळी सुरतेत व्यापार आणि कविता दोन्ही होते. सय्याहच्या काळी व्यापार गेला होता, नवाबी नावापुरती उरली होती, तरी दिल्लीहून पत्र यावे इतके ते मोहल्ले जिवंत होते. गुजराती साहित्याचा आद्य आधुनिक कवी नर्मद याने आपल्या शहराचा इतिहास लिहिला, तेव्हा त्याचे नाव ‘सुरतनी मुख्तेसर हकीकत’ असे ठेवले. त्या नावातले दोन्ही शब्द अरबी-फारसी आहेत, आणि लिहिणारा होता आमलीरानचा नागर ब्राह्मण. आज मोहल्ल्यांमधली जी सरहद्द आपण गृहीत धरतो, ती त्या शीर्षकात नाही.

विसाव्या शतकात परकोटाच्या आत काय झाले? लंडनमध्ये जे झाले त्याच्या उलटे. पैसेवाले आत आले नाहीत, बाहेर गेले. आधी अठवा लाइन्सच्या जुन्या गोऱ्या वस्तीकडे. नंतर हिरे आणि कृत्रिम रेशमाच्या कापडाचा पैसा वाढला तसे घोडदौड रोड, पार्ले पॉइंट, अडाजण, पुढे वेसू आणि पाल. गोपीपुऱ्यातील जैन कुटुंबे गेली, मंदिरे राहिली. महिधरपुऱ्यात राहणारे कमी झाले, हिऱ्यांचा बाजार राहिला. रिकाम्या माड्यांवर जरीचे, भरतकामाचे कारखाने आणि कापडाची गोदामे आली. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा गुजरातेतही चालू राहिल्याने जुने भाडे इतके नाममात्र होते की मालकाला कौले परतण्याइतकाही त्यात रस उरला नव्हता. घर पडण्याची वाट पाहणे हाच व्यवहार ठरला. त्या पडक्या घरांत जे राहिले, ते स्वस्ताईमुळे राहिले. वाड्याच्या प्रेमापोटी नव्हे. वारसाप्रेमी मंडळींनी हे विसरू नये असे वाटते.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, लाखो माणसे शहर सोडून पळाली आणि सुरतेचे नाव जगभर घाणीशी जोडले गेले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी जी मोहीम उघडली तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कचरा रोज उचलला जाऊ लागला, बेकायदा बांधकामे पाडताना लहानमोठा असा भेद फारसा केला गेला नाही, जुन्या शहरातील रस्ते रुंद झाले. दोन वर्षांच्या आत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु रस्ता रुंद झाला की रस्त्याकडेच्या घराचा भाव बदलतो, हेही तितकेच खरे. जेथे ओटल्यावर बसून माणसे जरी वळत होती, तेथे दुकानाचे शटर आले.

पुढच्या दशकांत परकोटाच्या आतील स्मारकेही सुधारली. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी मलिक गोपीने खोदवलेला आणि नंतर गाळाने व वस्तीने भरून गेलेला गोपी तलाव महापालिकेने पुन्हा खोदला. २०१५ पासून तो तिकीट काढून पाहता येतो. खुदावंद खानाने १५४० च्या दशकात पोर्तुगीजांच्या उपद्रवाविरुद्ध बांधलेला किल्ला दुरुस्त होऊन वस्तुसंग्रहालय झाला. चौक बाजाराखालून मेट्रोचा बोगदा जातो. शेजारच्या अहमदाबादेत २०१७ च्या जागतिक वारसा दर्जानंतर पोळांमधील काही हवेल्या पाहुण्यांसाठी सजल्या. सुरतेच्या परकोटात तेही फारसे झालेले नाही. पाहायला येणारा परत आला आहे, राहायला येणारा नाही.

रांदेर

खरा बदल पाहायचा तर पूल ओलांडून पलीकडे जावे लागते. तापीवरचा पहिला कायमचा पूल १८७७ मध्ये झाला. कलेक्टर होप यांच्या नावावरून त्याला होप पूल म्हणत. तोवर रांदेर हे स्वतंत्र गाव होते, आणि सुरतेपेक्षा जुने. दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज प्रवासी सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या किनाऱ्याविषयी लिहितो, तेव्हा रांदेरच्या मुसलमान व्यापाऱ्यांची जहाजे मलाक्का, पेगू, तनासरी, सुमात्रापर्यंत जात असल्याचे सांगतो. त्यांच्या घरांच्या पुढच्या दालनात चिनी मातीची भांडी फळ्यांवर मांडून ठेवलेली असत, हेही त्याने टिपले आहे. हे नायत, म्हणजे आपल्या कोकण-कारवार किनाऱ्यावरच्या नवायतांचे सगेसोयरे म्हणावेत असे लोक. १५३० मध्ये अंतोनियो द सिल्वेराने सुरत जाळली आणि पाठोपाठ रांदेरही जाळले. सुरत सावरली, मोठी झाली. रांदेर धाकटे राहिले.

एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा उठले, पण परदेशी कमाईवर. रांदेर आणि आसपासच्या काठोर, वरियाव, लाजपूर अशा गावांतील सुन्नी व्होरा कुटुंबे रंगून, मॉरिशस, रियुनियन आणि दक्षिण आफ्रिकेत गेली. रंगूनमधील सुरती सुन्नी जामा मशीद त्याच काळातली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मुक्तिलढ्यातील अहमद कथ्राडा यांचे आईवडील याच पंचक्रोशीतून गेलेले. रंगूनच्या पैशाने रांदेरात जी घरे उभी राहिली, त्यांत ब्रह्मदेशी सागवानाचे खांब, कोरीव तुळया, रंगीत काचांच्या तावदानांच्या खिडक्या आल्या. खाण्यातही रंगून आले. रमजानच्या रात्री रांदेरच्या बाजारात खावसा आणि रंगूनी पराठा मिळतो, आणि खाणाऱ्या बहुतेकांना तो सुरतीच वाटतो.

मग १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि हिंदी लोकांचे लोंढे पायी निघाले. उरलेसुरले १९६२ च्या लष्करी उठावानंतरच्या राष्ट्रीयीकरणात परतले. रंगूनची आमदनी थांबली. घरे भावाभावांत, चुलतचुलत्यांत वाटली गेली. वाटेकऱ्यांपैकी एक डर्बनला, एक लँकेशायरला, एक मुंबईला, आणि घरात एखादी विधवा काकी. तळमजला भाड्याने दिला जाई. त्या तळमजल्यांत जरी-भरतकाम करणारे, रिक्षा चालवणारे, हातगाडीवाले, मदरशातील कमी पगाराचे उस्ताद अशी कुटुंबे आली. म्हणजे रांदेरचा मोहल्ला श्रीमंतांचा राहिला नव्हता आणि निव्वळ गरिबांचाही नव्हता. एकाच दरवाजातून दोन्ही येत-जात. १९७० मध्ये रांदेर आणि अडाजण सुरत महापालिकेत आले.

प्रस्तुत लेखकाच्या फूफींचे सासर रांदेरचे. १९९० च्या सुमारास मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुले तेथे जात असू. जिना इतका उभा की वरून एक दोर सोडलेला असे, तो धरून चढायचे. चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टांके होते; त्याचे झाकण उघडण्याची आम्हांला सक्त मनाई. तळमजल्यावर भरतकाम करणारे एक कुटुंब राहत असे. त्यांची आडवी चौकट, त्यांना तिला ‘खाटली’ म्हणताना ऐकले आहे, अर्धी खोली व्यापी आणि तिच्याभोवती चार माणसे बसलेली असत. त्यांच्याकडून भाडे किती घेतले जाई हे विचारण्याचे ते वय नव्हते. नंतर विचारले तेव्हा कळले, की त्या आकड्याला भाडे म्हणणे कठीण होते. आणि ईदच्या दिवशी वरून खाली जाणाऱ्या ताटाचा खर्च त्याहून जास्त असे.

७ ऑगस्ट २००६ रोजी उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. जवळजवळ सारे शहर बुडाले. रांदेर-अडाजणचे तळमजले कित्येक फूट पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर भिंतींवर चिखलाची एक सरळ रेष राहिली. सागवान टिकले, पण त्याच्या खाचांत बसवलेली भिंत टिकली नाही. माझ्या मते रांदेरच्या अलीकडच्या इतिहासाची विभागणी करायची तर ती याच रेषेने करावी. पुराआधी जुने घर सांभाळणे हा मानाचा विषय होता, पुरानंतर तो खर्चाचा झाला. त्यातच परदेशातील तिसऱ्या पिढीला ते घर कधी पाहिलेलेही नव्हते. मुखत्यारपत्रे आली, वाटेकऱ्यांच्या सह्या जमल्या, आणि गल्लीगल्लीत पाडकाम सुरू झाले.

जुने घर पाडण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. आधी कोरीव दरवाजा जातो, मग खांब, मग तुळया, शेवटी विटा. लाकूडकामाचा सौदा वेगळा, जमिनीचा वेगळा. खांब कुठल्या शहरातील कुठल्या उपाहारगृहाची शोभा वाढवतो, हे विकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. जागेवर चार-पाच मजल्यांची इमारत उभी राहते, खाली वाहनतळ; पुराचा धसका घेतलेल्या लोकांना तळमजला नकोच असतो. आणि अशा रीतीने तो तळमजला, ज्यात गरीब भाडेकरू राहत होता, वास्तुरचनेतूनच नाहीसा होतो.

बंद बाजाराचे भाव

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सुरतेभोवती जमीन पुष्कळ आहे. नगररचना योजनांतून वेसूपासून पालपर्यंत नवनवे भाग खुले झाले. मग रांदेरच्या अरुंद गल्लीतील सदनिकेला, किंवा अडाजण पाटिया आणि गोरट रोडवरील घरांना, इतका भाव का यावा?

याचे एक उत्तर कायद्यात आहे. गुजरातमध्ये १९८६ मध्ये आणि नंतर त्याच्या जागी १९९१ मध्ये ‘अशांत क्षेत्रां’तील स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा झाला. अधिसूचित भागात मालमत्ता विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रेत्याने व्यवहार आपखुशीने व रास्त किमतीस केला आहे याची खात्री करून घेतली जाते. उद्देश वाईट नव्हता. दंगलीच्या धाकाने मातीमोल किमतीत घरे विकावी लागू नयेत, असा तो होता. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेत जे घडले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या उद्देशाची गरज समजावून सांगावी लागणार नाही. परंतु कालांतराने कायद्याचा परिणाम वेगळाच झाला. हिंदू वस्तीत मुसलमानाला आणि काही ठिकाणी मुसलमान वस्तीत हिंदूला घर घेणे जवळजवळ अशक्य झाले, आणि दंगलीने आखलेली सीमा कागदावर पक्की झाली. २०१९ च्या दुरुस्तीने तरतुदी अधिक कडक केल्या. त्यांपैकी काहींच्या अंमलबजावणीला २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. सुरतेतील अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दी या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या आहेत. शिवाय जेथे कायदा नाही तेथे सोसायटीची कमिटी आहे, आणि तिला अधिसूचनेची गरज नसते.

परिणाम असा, की सुस्थितीतील मुसलमान कुटुंब, मग ते डॉक्टराचे असो, कापडव्यापाऱ्याचे असो वा परदेशातून परतलेले, शहरभर घर शोधू शकत नाही. त्याला चार-सहा मोहल्ल्यांतच घ्यावे लागते. मागणी सगळी तेथेच एकवटते. लंडनमध्ये मध्यमवर्ग आपल्या आवडीने गरिबांच्या वस्तीत शिरला. रांदेरमधील मध्यमवर्गाला दुसरीकडे दार बंद असल्यामुळे तो आपल्याच गरिबांच्या अंगावर येऊन पडतो. पाश्चात्त्य पुस्तकांतील व्याख्येत हा भेद मावत नाही. त्यात पौंड आणि रँडमध्ये कमावणारा नातेवाईक उतरला, की स्थानिक शाळामास्तरसुद्धा बोलीत टिकत नाही. कोकणात, श्रीवर्धन-मुरूडकडे, आखाती पैशाने घरांचे रूप कसे पालटले ते आपल्या वाचकांनी पाहिले आहे. तेथे मात्र वाडीत जागा होती, नवे घर जुन्याच्या शेजारी उभे राहू शकले. रांदेरच्या गल्लीत नवे घर जुन्याच्या छातीवरच उभे राहते.

दुसरे उत्तर आपल्या संस्थांत आहे, आणि ते सांगताना थोडा संकोच होतो. मोहल्ल्यांतील बरीच भाड्याची घरे मशिदींच्या आणि मदरशांच्या विश्वस्त निधींची आहेत. वाकिफाने ती दिली तेव्हा भाडे संस्थेला मिळावे आणि गरिबाला छप्पर मिळावे, या दोन हेतूंत विरोध नव्हता, कारण दोन्ही आकडे लहान होते. आता एका गाळ्याचे बाजारभावाने येणारे भाडे एका उस्तादाचा पगार भागवू शकते. २०१४ च्या वक्फ भाडेपट्टा नियमांनीही भाड्याची सांगड बाजारमूल्याशी घातली होती, आणि वक्फाची मालमत्ता कवडीमोलाने दिली जाते ही तक्रार जुनी व खरी असल्याने त्याला विरोध करणे सोपे नाही. विश्वस्त मंडळींशी बोलल्यावर असे दिसते, की ते लोभी नाहीत, कात्रीत सापडलेले आहेत. शाळा वाढवायची तर भाडे वाढवावे लागते, आणि भाडे वाढवले तर ज्या मुलांसाठी शाळा वाढवायची ती मोहल्ल्यात राहत नाहीत. मुंबईत भेंडी बाजारात बोहरा समाजाच्या न्यासाने २००९ पासून जी पुनर्बांधणी हाती घेतली, तीत सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून तेथील भाडेकरूंना त्याच परिसरात मालकीचे घर देण्याची योजना आखली गेली. तो प्रयोग खर्चिक आहे, रेंगाळलेला आहे, त्यावर टीकाही झाली. पण भाडेकरूला जागेवरच ठेवायचे, हे तेथे आरंभीच ठरले होते. सुरतेत असा ठराव कुणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कोण कुठे गेले

बाहेर पडलेली कुटुंबे शहराच्या कडेला सापडतात. तापीकाठच्या झोपडपट्ट्या पुरानंतरच्या वर्षांत मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून महापालिकेने गरिबांसाठी चाळीस हजारांच्या वर घरे बांधली, त्यांतील मोठा समूह उत्तरेला कोसाड येथे आहे आणि काही भेस्तानकडे. घर पक्के आहे, नळ आहे, संडास आहे. काम मात्र जुन्याच ठिकाणी राहिले. ज्यांचे घर झोपडी नव्हती, नुसते भाड्याचे होते, त्यांना कोसाडही मिळाले नाही. विस्थापितांच्या यादीत नाव येण्यासाठी आधी अतिक्रमण केलेले असावे लागते. नियमित भाडे भरणारा माणूस कुठल्याच यादीत नसतो. ही मंडळी उनला गेली, भेस्तानला गेली, लिंबायतला गेली.

लिंबायत-उधना हा भाग मराठी वाचकाला अनोळखी नाही. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेले हजारो खानदेशी यंत्रमाग कामगार तेथे राहतात. यॉन ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या या भटक्या मजुरांवर आयुष्यभर लिहिले. एका गल्लीत अहिराणी, पुढच्या गल्लीत उर्दू, त्यापुढे ओडिया. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात. गुजराती, हिंदी, इंग्रजीबरोबर त्यांत मराठी, उर्दू, ओडिया आणि तेलुगूही आहेत. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला या परिसरात जे ऐकू येते, ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. वरकाम करणारा खानदेशी तरुण आणि रांदेरहून आलेला भरतकाम कारागीर एकमेकांशी ज्या बोलीत बोलतात, तिला नाव नाही.

आपल्या महाविद्यालयांतील इतिहास आणि भाषा विभागांना या विषयावर काम करण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मालमत्ताकराच्या आकारणी वह्या, खरेदीखते, मशिदींच्या भाडेपावत्यांची स्थळपुस्तके, शाळांचे दाखलखारीज रजिस्टर, एवढी साधने प्रत्येक गावात आहेत. शाळेच्या रजिस्टरात ‘दाखला घेण्याचे कारण’ असा रकाना असतो. त्यात बहुधा ‘घर बदलल्यामुळे’ असे एकच वाक्य असते, पण वर्षवार मोजले तर ते पुरेसे बोलते. मालेगाव, भिवंडी, धुळे, मिरज येथील विद्यार्थ्यांना हा एक रकाना उतरवून आणायला सांगता येईल.

फूफींचे घर २००९ मध्ये विकले गेले. चौदा वाटेकरी होते आणि त्यांत कुणाचा काही दोष होता असे म्हणता येत नाही. दोर जिन्याबरोबर गेला. टांके बुजवताना त्यात निघालेल्या चिनी मातीच्या दोन फुटक्या बशा फूफींनी धुऊन ठेवल्या आहेत. त्या रंगूनच्या की अलीकडच्या बाजारातल्या, हे कुणाला सांगता आले नाही. तळमजल्यावरच्या कुटुंबाला सोडण्याबद्दल काही रक्कम मिळाली, ती उनला एका खोलीच्या पागडीत गेली. खाटली त्या खोलीत मावत नाही म्हणून ती उभी करून भिंतीला टेकवली आहे. आता ते यंत्रावर काम करतात. थोरला मुलगा रमजानमध्ये एखाद्या शुक्रवारी अजून रांदेरला येतो, दोन रिक्षा बदलून, जुन्या मशिदीत जुम्मा पढतो आणि जाताना फूफींच्या नव्या सदनिकेची घंटा वाजवतो. चौथ्या मजल्यावर. उद्वाहक बंद असला तर खालूनच हाक मारून जातो.